डोंगर 'सर' करू नका, चढा!

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण आपण मराठी शाळेत असताना पाठ करतो आणि पुढे जन्मभर सोयीप्रमाणे वापरतो. म्हणीचा अर्थ सरळ आहे. लांबून जे देखणे दिसते ते जवळ गेल्यावर तसे राहत नाही, तिथे दगड असतात, काटे असतात, धाप असते. म्हण खोटी नाही. पण तिचा उपयोग आपण जवळ न जाण्याची सबब म्हणून करतो, ही माझी तक्रार आहे. आणि हल्ली तिच्या जोडीला दुसरी एक तऱ्हा आली आहे. जवळ जायचे, पण शिकाऱ्यासारखे! माथ्यावर पाय ठेवायचा, छायाचित्र काढायचे, 'अमुक शिखर सर केले' असे लिहायचे आणि उतरायचे. पहिल्याने डोंगर दुरून पाहिला, दुसऱ्याने तो पायाखाली घातला. डोंगराची ओळख मात्र दोघांनाही झाली नाही, असे माझे नम्र पण ठाम मत आहे.

माझे गाव कारापूर. गोव्याच्या डिचोली तालुक्यातले, साखळीच्या शेजारचे, वाळवंटी नदीच्या काठचे. नदीकाठी विठ्ठलापूरचे विठ्ठल मंदिर आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री तिथल्या पाण्यात दिव्यांनी सजवलेल्या होड्या सोडतात, तो उत्सव पाहायला लांबून माणसे येतात. ज्या पाण्यावर त्या होड्या तरंगतात ते पाणी कुठून येते, असा प्रश्न त्या गर्दीत कोणाला पडत नाही. ते येते पूर्वेकडच्या निळ्या रांगेतून. केरीजवळ अंजुणे धरण आहे. पावसाळ्यात धरणाचे पाणी सोडले की साखळी बाजाराच्या पोटात गोळा येतो, कारण तेच पाणी वाळवंटीत उतरते. म्हणजे आमच्या गावाचा दिवाळीनंतरचा आनंद आणि श्रावणातली धास्ती, दोन्ही त्या डोंगरांच्या हातात आहेत.

ह्या रांगेत गोव्याची सर्वांत उंच शिखरे आहेत आणि ती सारी सत्तरी तालुक्यात आहेत. सोसोगड ११६७ मीटर, कातळाची माउली ११०७ मीटर, वाघेरी १०६७ मीटर आणि मोर्लेचा गड १०३६ मीटर. आपल्या महाविद्यालयात गोव्याकडून येणारी मुलेमुली साखळी, केरी, चोर्ला, जांबोटी ह्या मार्गाने बसमधून येतात. वाघेरीचा डोंगर त्यांच्या खिडकीला लागून जातो. सुट्टीला जाताना एकदा, परत येताना एकदा. तीन वर्षांत कितीदा झाले ह्याचा हिशेब त्यांनीच करावा. मी वर्गात सहज विचारतो, "गोव्यातले सर्वांत उंच शिखर कोणते?" उत्तर येत नाही. "महाराष्ट्रातले?" असे विचारताच अर्धा वर्ग ओरडतो, "कळसूबाई!" त्यांतले चार-पाच जण तिथे जाऊनही आलेले असतात.

कळसूबाईवर माझा राग नाही. असण्याचे कारणही नाही. १६४६ मीटर उंचीचे ते शिखर अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागून उभे आहे. पायथ्याच्या बारी गावातून निघालेली वाट शेतांमधून, झाडीतून आणि मग उभ्या कातळातून वर जाते. कातळाचे टप्पे अवघड म्हणून तिथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे. नवरात्रात परिसरातली माणसे, म्हातारीकोतारीसुद्धा, अनवाणी वर जातात. ह्या देवीची कथा आमच्या मुलांनी वर जाण्यापूर्वी ऐकायला हवी होती. कळसू नावाची एक कोळ्याची पोर एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली होती, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. पुढे एके दिवशी घरधन्याने तिला तेच काम सांगितले. ती डोंगर चढून वर गेली आणि परत आली नाही. वाटेवर ज्या जागी तिने भांडी घासली असे सांगतात, त्या जागेला थाळेमेळ म्हणतात.

ही कथा खरी की खोटी, हा प्रश्न मी इतिहासाच्या प्राध्यापकांवर सोडतो. मला तिच्यातली भावना महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राचे सर्वांत उंच ठिकाण लोकांनी कोणा राजाच्या किंवा सेनापतीच्या नावे केले नाही. मान सोडायला तयार नसलेल्या एका मोलकरणीच्या नावे केले. ती वर गेली ती कोणाला जिंकायला नव्हे, आपला शब्द राखायला. अशा ठिकाणी जाऊन 'कळसूबाई सर केली' असे लिहिणे ऐकायलाही बरे वाटत नाही. बाईमाणसाला कोणी सर करते काय?

'सर करणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे लढाईतून आला. बखरींतून गड सर होतात, ठाणी सर होतात. तिथे समोर शत्रू असतो, तटावर पहारा असतो, म्हणून तो शब्द तिथे शोभतो. 'पादाक्रांत करणे' हा त्याचा संस्कृत थोरला भाऊ. डोंगराने तुमच्याशी कधी वैर केले? केरी-सुर्ल भागातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या चढावर जात आल्या, सरपण आणायला, रानातली भाजी खुडायला, गुरे वळायला. त्यांनी किती वेळा तो चढ चढला असेल ह्याची गणती नाही. त्यांच्यापैकी एकीनेही 'सर केला' म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. त्या म्हणतात, "दोंगरार गेल्लें." डोंगरावर गेले होते. जसे माहेरी गेले होते, देवळात गेले होते, तसे. आणि शिखराला त्यांच्या पूर्वजांनी नाव दिले ते 'कातळाची माउली'. ज्यांना तो चढ रोजचा होता त्यांना तो आई वाटला, ज्यांना तो वर्षातून एकदाचा आहे त्यांना तो शत्रू वाटतो, ह्यात काहीतरी चुकते आहे.

जगातल्या सर्वोच्च शिखराचीही हीच गोष्ट आहे. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत आले, आणि देवी-मातेचा भाव त्या नावात आहे. १८५२ मध्ये राधानाथ सिकदार ह्या बंगाली गणितज्ञाने केलेल्या आकडेमोडीतून ते जगातले सर्वांत उंच शिखर ठरले. १८६५ मध्ये त्याला निवृत्त सर्वेक्षण अधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांचे नाव मिळाले. स्वतः एव्हरेस्ट साहेबांना ते पसंत नव्हते. पण नाव चिकटले ते चिकटलेच. माउलीचा साहेब झाला.

ह्यावर कोणी म्हणेल की हा नुसता शब्दांचा खेळ आहे. चढणारा चढतो, तो काय म्हणतो ह्याने काय फरक पडतो? फरक पडतो. त्याचे एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. कांचनगंगा हे ८५८६ मीटर उंचीचे जगातले तिसरे शिखर. सिक्कीमचे लोक त्याला देवस्थान मानतात. १९५५ मध्ये चार्ल्स इव्हान्स ह्यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश तुकडी तिथे गेली, तेव्हा माथ्याला पाय लावणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजघराण्याला देण्यात आला होता. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोघे तिथे पोचले. सर्वोच्च टोक काही फुटांवर होते. अडवणारे कोणी नव्हते, पाहणारेही कोणी नव्हते. ते तिथेच थांबले आणि मागे फिरले. दुसऱ्या दिवशी त्यांचे दोन सोबती आले, तेही तसेच थांबले. पुढच्या अनेक गिर्यारोहकांनी हा रिवाज पाळला. ह्या माणसांनी कांचनगंगा 'सर' केली नाही असे कोणाला म्हणायचे असेल तर म्हणावे. ती चढावी कशी हे मात्र त्यांनी जगाला शिकवले. शब्द बदलला की वागणूक बदलते ती अशी.

आता थोडे माझ्या विषयाचे, म्हणजे भूगोलाचे. शिखरांच्या उंचीचे आकडे सांगण्याची आपल्याला हौस आहे, पण त्या आकड्याचा अर्थ आपण नीट समजून घेत नाही. १६४६ किंवा १०६७ मीटर ही समुद्रसपाटीपासूनची उंची होय. पायांना ती कळत नाही. पायांना कळते ती पायथ्यापासूनची चढाई. बारी गाव मुळातच सह्याद्रीच्या उंच पठाराकडच्या अंगाला, घाटमाथ्याच्या पातळीवर आहे. उलट आमचा केरीचा सखल भाग समुद्रापासून फार उंच नाही. त्यामुळे आकड्याने लहान असलेली वाघेरी पायांकडून जवळपास कळसूबाईइतकेच कष्ट मागते. 'गोव्याचे डोंगर काय, टेकड्या आहेत' असे म्हणणाऱ्याने एकदा चैत्रातल्या उन्हात तळापासून चढून पाहावे आणि मग बोलावे.

वेळेचा अंदाज कसा करावा ह्याचा एक जुना, सोपा ठोकताळा आहे. विल्यम नाइस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ मध्ये मांडला. सपाटीवर दर पाच किलोमीटरला एक तास धरा, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास मिळवा. नऊशे मीटरचा चढ असेल तर नुसत्या चढाचा दीड तास वाढतो. हा हिशेब थंड हवेतल्या सराईत माणसाचा आहे. आपल्याकडची दमट हवा, वाटेतले घसाऱ्याचे दगड आणि पाठीवरचे पाणी धरले तर तो दुप्पट करावा हे शहाणपणाचे. सहल ठरवताना आपण बसचे वेळापत्रक पाहतो, जेवणाचा बेत ठरवतो, पण हा साधा गुणाकार कोणी करीत नाही. मग दुपारी बारा वाजता अर्ध्या वाटेवर पाणी संपते, आणि दोष डोंगराला!

वाट उभी का, ह्याचेही उत्तर पायाखालीच असते. कळसूबाईचा डोंगर काळ्या बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यांचा तो बनला. म्हणून तिथे सपाटी, मग कडा, पुन्हा सपाटी, पुन्हा कडा अशी रचना दिसते. ह्या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि तो शब्द पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. म्हणजे शिड्या नंतर आल्या, निसर्गाने पायऱ्या आधीच घातल्या होत्या. गोव्याचा बराचसा भाग ह्याहून कितीतरी जुन्या खडकांचा आहे. वर जांभ्याचा थर, ज्याचे चिरे काढून आमची घरे बांधली, आणि पोटात लोहखनिज. उतारावर कारवीचे रान. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते आणि एरवी मुळांनी माती धरून ठेवते. हे सारे पुस्तकात आहे. पण पुस्तकातला 'उतार' आणि पोटऱ्यांत गोळा आणणारा उतार ह्यांत फार अंतर आहे. भूगोलाचा एक तास जर वाघेरीच्या सोंडेवर घेता आला, तर वर्गातले दहा तास वाचतील असे मला वाटते.

चढण्याविषयी आपण इतके बोलतो, उतरण्याविषयी कोणी बोलत नाही. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरावर एडवर्ड विंपर आणि त्यांचे सहा सोबती प्रथम पोचले. सातही जण माथ्यावर सुखरूप होते. उतरताना एकाचा पाय निसटला, दोर तुटला आणि चौघे कड्यावरून गेले. माथा म्हणजे निम्मी वाट, हे त्या दिवशी जगाला कळले आणि आपण ते रोज विसरतो. उतरताना गुडघे थकलेले असतात, लक्ष सुटलेले असते आणि 'आता काय, झाले' अशी बेफिकिरी अंगात आलेली असते. आपल्या लोककथेत हिरकणी गवळण रायगडाच्या कड्यावरून तान्ह्या लेकरासाठी खाली उतरली. लोकांनी लक्षात ठेवले ते तिचे उतरणे.

आणि तुकडीचा वेग कोणाचा असावा? सर्वांत पुढच्याचा नव्हे, सर्वांत मागच्याचा. महाविद्यालयाच्या सहलीत मी नेहमी पाहतो, चार धट्टीकट्टी मुले धावत पुढे जातात, वर जाऊन आरोळ्या देतात. मागे एखादी मुलगी किंवा एखादा दम्याचा मुलगा एकटा पडतो. त्याला वाटते आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. सहलीतून तो शिकतो ते एवढेच, की आपण डोंगराच्या लायकीचे नाही. एकदा सत्तरीतल्या एका म्हाताऱ्या वाटाड्याने आमच्या पुढे धावणाऱ्या पोरांना शांतपणे सांगितले, "दोंगर खंय धांवून वचना." डोंगर कुठे पळून जात नाही. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ह्याहून मोठे वाक्य मी वाचलेले नाही.

आता एका वादाच्या मुद्द्याकडे वळतो. अवघड वाटा सोप्या कराव्यात काय? रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ मध्ये रुळांवरून वर चढणारी गाडी सुरू झाली. कर्नाटकातल्या सर्वोच्च मुळ्ळय्यनगिरी शिखराच्या (१९३० मीटर) अगदी जवळपर्यंत मोटार जाते. माझे कन्नड भाषिक सहकारी म्हणतात, "आमच्या आईला देवदर्शन घडले, ह्यात तुमचे काय गेले?" त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. जिथे देव आहे आणि भाविकांची जुनी वहिवाट आहे, तिथे सत्तर वर्षांच्या आजींना हात देणारी शिडी लागली तर तिला विरोध करण्याचा अधिकार विशीतल्या पोरांना नाही. कळसूबाईच्या शिड्यांमुळे नवरात्रातले किती पाय सुखरूप राहिले असतील! माझा विरोध आहे तो दुसऱ्या वृत्तीला. प्रत्येक माथ्यावर रस्ता, रस्त्याच्या शेवटी वाहनतळ, वाहनतळावर चहाची टपरी आणि टपरीमागे प्लास्टिकचा ढीग, ह्याला आपण विकास म्हणू लागलो आहोत. शिडी माणसाला डोंगरापर्यंत नेते. रस्ता बहुधा डोंगरालाच बाजारात आणून बसवतो. काही वाटा उभ्याच राहाव्यात, काही माथे दूरच राहावेत. ज्याला जायचे त्याने तयारी करून जावे, ज्याला जमत नाही त्याने खालून हात जोडावे. त्यात कमीपणा काय? कांचनगंगेच्या माथ्यापासून काही फुटांवर थांबणारे कमी ठरले नाहीत.

गर्दीचा प्रश्नही आज टाळता येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये कर्नाटकातल्या कुमारपर्वतावर एकाच वेळी इतकी माणसे लोटली की शासनाला अशी भटकंती काही काळ थांबवावी लागली आणि पुढे आगाऊ नोंदणी करून, संख्येला मर्यादा घालून ती सुरू करावी लागली. गोव्यात २०२३ च्या पावसाळ्यात धबधब्यांवर माणसे बुडाली आणि वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली. आमच्या मुलांनी तेव्हा 'सरकारला तरुणांची मजा बघवत नाही' असे म्हटले. मला वाटते, बंदी ही आपल्या वागणुकीची पावती होती. ज्यांना स्वतःला आवरता येत नाही त्यांना दुसऱ्याने आवरावे लागते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग जाऊच नये, डोंगर शांत राहतील. माझे म्हणणे नेमके उलट आहे, आणि ह्या लेखाचे प्रयोजनही तेच. आम्ही डिचोलीकरांनी डोंगर नाहीसे होताना पाहिले आहेत. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून आमच्या तालुक्यातून लोहखनिज परदेशी जाऊ लागले. खाणींनी घरे चालवली, मुले शिकवली, हे मी नाकारत नाही. आमच्या गावातली कितीतरी घरे ट्रकच्या चाकावर उभी राहिली. पण टेकड्यांच्या जागी खड्डे आले, झरे आटले, शेतांत लाल चिखल उतरला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे पुन्हा सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर लिलाव होऊन काही ठिकाणी काम परत सुरू झाले आहे. हा वाद न्यायालयात, विधानसभेत, ग्रामसभेत चालू आहे आणि चालू राहील. त्यात कोणती बाजू घ्यावी हे मी विद्यार्थ्यांना सांगणार नाही. मी एवढेच विचारतो, ज्या टेकडीबद्दल तुम्ही बोलता तिच्यावर तुम्ही कधी गेला होता काय? तिच्यावर झरा किती होते, कोणती झाडे होती, वाट कुठून जात होती, हे सांगणारे आज किती आहेत? ज्या डोंगरावर कोणी जात नाही, तो गेला तरी त्याची साक्ष द्यायला कोणी उरत नाही.

कर्नाटकातल्या कुद्रेमुखाची गोष्ट ह्याला जोडून पाहावी. घोड्याच्या तोंडासारखे दिसते म्हणून त्या शिखराला हे नाव पडले. तिथेही लोहखनिज होते, तिथेही मोठी खाण होती, तिथेही हजारोंची पोटे तिच्यावर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर २००५ च्या अखेरीस ती खाण बंद झाली. आज तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि माणसे परवानगी घेऊन त्या गवताळ माथ्यांवर चालायला जातात. ज्या डोंगराविषयी बोलणारी, तो पाहिलेली, त्याचे पाणी प्यालेली माणसे होती, त्याची बाजू मांडली गेली, हे विसरू नये.

आणि मार्च २०२३ चे वणवे आठवा. म्हादई अभयारण्यात दिवसच्या दिवस डोंगर जळत होते. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. आमच्या गावातून रात्री पूर्वेकडे पाहिले की काळजात धस्स होत असे. त्या दिवसांत अनेकांनी दुःखाचे संदेश लिहिले. पण कोणता डोंगर जळतो आहे, त्याचे नाव काय, हे त्यांतल्या फारच थोड्यांना सांगता आले. ज्याचे नाव माहीत नाही त्याचे दुःख फार काळ टिकत नाही. पावसाळा आला, डोंगर हिरवे झाले आणि आपण विसरलो.

प्राध्यापक मंडळींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. अभ्यासक्रम पुरा होत नाही, परीक्षा डोक्यावर आहेत, काही बरेवाईट झाले तर जबाबदारी कोणाची? पालक मुलींना पाठवीत नाहीत. ही अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहेत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे, छात्रसेना त्याहून जुनी आहे. दोन्हींची शिबिरे दरवर्षी होतातच. त्यांतला एक दिवस डोंगराला द्यावा. मुलींच्या पालकांना सांगावे की सत्तरीतल्या बाया भारा डोक्यावर घेऊन तो चढ उतरतात, तुमच्या लेकीला पाठीवर पाण्याची बाटली घेऊन चढायला काय हरकत आहे?

म्हणून माझ्या काही साध्या सूचना आहेत. दूरच्या प्रसिद्ध शिखरावर जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या गावातून दिसणाऱ्या डोंगरावर जावे. वीस-पंचवीसहून अधिक मुले एका वेळी नेऊ नयेत. अभयारण्याच्या हद्दीत जायचे तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी. पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यावा, त्याला योग्य मोबदला द्यावा आणि त्याच्या मागून चालावे, पुढून नव्हे. भर पावसात आणि वणव्याच्या दिवसांत जाऊ नये. सर्वांत सावकाश चालणाऱ्याला पुढे ठेवावे. विस्तव पेटवू नये, नेलेले सारे परत आणावे. माथ्यावर देवस्थान असेल तर तिथली रीत विचारून घ्यावी. आणि परत आल्यावर प्रत्येकाने एक पान लिहावे. वाटेत पाणी कुठे होते, गावकऱ्यांनी कोणत्या जागेला काय म्हटले, कोणते झाड फुलावर होते. ही पाने ग्रंथालयात दरवर्षी जपून ठेवावीत, मराठीतली मराठीत, कन्नडमधली कन्नडमध्ये. वीस वर्षांनी ह्या परिसरातल्या डोंगरांची त्याहून चांगली नोंद दुसरीकडे कुठे सापडणार नाही. आणि उद्या कोणी त्या डोंगरावर नांगर, जेसीबी किंवा रस्ता घेऊन आला, तर बोलायला साक्षीदार असतील.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुट्टीत गावी जाताना चोर्ल्याच्या घाटात क्षणभर मोबाईल खिशात ठेवा आणि खिडकीबाहेर पाहा. शेजारी बसलेल्या केरीच्या किंवा सुर्लच्या प्रवाशाला विचारा, ह्या डोंगराला काय म्हणतात? तो नाव सांगेल. त्याच्या चढाची गोष्टही सांगेल. दुरून साजरा दिसणारा तो डोंगर जवळ गेल्यावर खडबडीत निघेल, काटे टोचतील, पाय दुखतील. दुखू द्या. आईच्या अंगाखांद्यावर चढणारे मूल तिला जिंकत नसते, आणि तरीही वरून त्याला जग दिसते.